अळिंबी सडली, पंचनाम्याला कोण येणार?

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी मुळशी तालुक्यात बटण अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवते. तालुक्याच्या मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द मिळाला होता, "रोग आला तर चार दिवसांत माणूस पाठवू." आज सोळावा दिवस आहे. कोणीही आलेलं नाही.

पहिल्या खोलीत पिनहेड, म्हणजे अळिंबीचे बारीक कोंब, यायच्या जागी फुगलेल्या, वेड्यावाकड्या पांढऱ्या गाठी आल्या. त्यांवर चहाच्या रंगाचे थेंब. कुजका वास दोनदा साबण लावूनही हातांचा जात नाही. आमच्याकडे याला वेट बबलच म्हणतात. अळिंबी ही बुरशी आणि रोगही बुरशीचाच, त्यामुळे वाटेल ते औषध फवारता येत नाही. प्रत्येक गाठीवर मीठ टाकायचं, वर प्लास्टिकचा ग्लास उपडा घालायचा आणि तिथे पाणी मारायचं नाही, कारण शिंतोड्यांबरोबर रोग पसरतो. माश्यांनी पसरतो, तोडणाऱ्या बाईच्या हातांनीही पसरतो. तीनशे ग्लास पुरले नाहीत. दोन खोल्या रिकाम्या केल्या. चार-पाच लाख गेले असतील. पूर्ण हिशेब करायचा धीर होत नाही. सासूबाईंच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत.

हा रोग बहुतेक वेळा केसिंगच्या, म्हणजे कंपोस्टवर थर म्हणून पसरायच्या, मातीतून येतो. तिला ६० ते ६५ अंशांवर सहा-आठ तास वाफ द्यावी लागते. मला विकणाऱ्याने दिली की नाही, हे तपासणार कोण? बियाण्याच्या पिशवीवर लेबल सक्तीचं आहे, केसिंगच्या गोणीवर काहीच नाही.

तलाठी म्हणाले, "ताई, सातबाऱ्यावर पीकच नाही, पंचनामा कशाचा करू?" २०२३ मध्ये एक रुपयात पीकविम्याचे फलक गावोगाव लागले. त्यातही अळिंबी नव्हती. बचतगटाच्या बायकांना अळिंबी करा म्हणून सांगताना मात्र ती पीक असते, जोडधंदा असते, महिला सक्षमीकरण असते! प्रशिक्षणाचे फोटो तुम्ही काढता, नुकसान आम्ही सोसतो. ऊसवाल्याच्या मागे कारखाना आहे, आमदार आहे. आमच्या मागे कोण आहे?

हिमाचलातल्या सोलनला १९८३ पासून अळिंबीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबीचा प्रकल्प आहे. विद्या आहे, ती आमच्या खोलीपर्यंत आणा. केसिंग विकण्याआधी तपासणी सक्तीची करा. अळिंबीला पंचनाम्यात आणि विम्यात घ्या.

आज पहाटे तिसऱ्या खोलीत, दाराजवळच्या रॅकवर, एक गाठ दिसली. कोण येणार आणि कोणत्या तारखेला, एवढं लेखी कळवा.

आपली,
मुळशीची एक अळिंबी उत्पादक