स्क्रीनची लांबी सोडून बाकीचं विचार

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही गाड्यांचे तपशील वाचले. मायलेज, पिकअप, सनरूफ, सगळं आलं. स्क्रीन किती इंचाची तेही आलं! ती बिघडली तर काय, हे मात्र कुठेच नाही.

माझी पहिली गाडी कार्ब्युरेटरची. थंडीत चोक ओढायचा, लांब चढावर तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, डिकीत जादा फॅनबेल्ट असायचाच. ती बंद पडायची, पण बोनेट उघडलं की कारण बहुधा दिसायचं. आताची इंजिनं तशी छळत नाहीत. सेन्सर हवा मोजतो, कंप्युटर त्या हिशेबाने इंधन सोडतो. वेळच्या वेळी ऑइल आणि कूलंट बदललं की झालं. ‘जुन्या गाड्याच दणकट’ म्हणणाऱ्यांनी त्या कधी ढकलल्या नसाव्यात.

दुखणं आता दुसरीकडे आहे. माझ्या सध्याच्या गाडीचं इंजिन ठणठणीत, पण स्क्रीन मनात येईल तेव्हा काळी होते. तिच्याबरोबर मागचा कॅमेरा जातो. एसीही तिच्यातूनच चालतो, त्यामुळे काचेवर वाफ धरली की मी फडकं शोधते. दुरुस्ती नाही, अख्खं युनिट बदला म्हणतात. गाडी पंधरा वर्षं सहज चालते, आतला कंप्युटर मात्र फोनसारखा लवकर म्हातारा होतो. त्यातल्या फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं; सतत नोंदी होऊन ती झिजते. याच कारणाने टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. कधी तर गाडीत काहीच बिघडलेलं नसतं: अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी मोबाइल नेटवर्क बंद झालं आणि कितीतरी धडधाकट गाड्यांची आपत्कालीन कॉलची सोय गेली.

मला तंत्रज्ञानाचं वावडं नाही. एबीएस आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेऊच नकोस. जोरात ब्रेक दाबला तरी एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. पण या यंत्रणा तुझी नजर मागत नाहीत, स्क्रीन मागते. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते; एसीसाठी दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलंस की पंचावन्न मीटर न बघता गेलीस. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणारी युरो एनकॅप ही युरोपातली संस्थासुद्धा २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं वा दांडे असले तर गुण देतं.

एक आपलं सांगून ठेवते: डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागले तर घाबरू नकोस, आधी बॅटरी तपासून घे. व्होल्टेज उतरलं की सगळेच सेन्सर भलतंसलतं बोलतात. पण चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी लगेच बाजूला घे. इंजिन मिसफायर होत असतं, म्हणजे इंधन नीट पेटत नसतं, आणि त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा गाडी उभी असतानाच स्क्रीन बंद करायला सांग आणि वायपर, हॅझार्ड, काचेवरची हवा न बघता हाताला लागतात का ते चाचपून बघ. युनिटची वॉरंटी किती वर्षं, अपडेट कधीपर्यंत, पुढची काच बदलली तर लेन असिस्टचा (गाडी पट्ट्यात ठेवायला मदत करणारा) कॅमेरा पुन्हा जुळवून कोण देणार, हे विचार. उत्तरं लेखी घे.

तिसरी गाडी तू लहान स्क्रीन म्हणून जवळजवळ बाद केली आहेस. तिला एसीची गोल बटणं आहेत. ती आधी चालवून बघ.

तुझी,
आई