विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यासाठी हप्ते कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की जनसंवाद, उपयोजित कला किंवा फोटोग्राफीच्या लहानमोठ्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलांचे पालक आमच्यासारख्या कलाशिक्षकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : कॅमेरा कोणता घ्यावा? यंदा त्यांतील एका गृहस्थांनी मुलाच्या महाविद्यालयाची सूचनाच दाखवली. तीत ‘चांगल्या कंपनीचा, किमान २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर’ (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) एवढाच मजकूर होता. घरी कापसाचे पैसे येण्यास अजून चार-पाच महिने अवकाश होता आणि दुकानदाराने ७० हजारांच्या घरातील मिररलेस (आरसा नसलेल्या, नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याचा) संच हप्त्यांवर देण्याची तयारी दाखवली होती. हा प्रसंग एकट्या त्या घरातला नाही, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे, की छंदासाठी किंवा अभ्यासासाठी पहिला कॅमेरा घेणाऱ्याने आज कर्ज काढण्याचे काही कारण नाही. नीट पारखून घेतलेली जुनी डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तिच्यावर मोठ्या अ‍ॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या मोठ्या छिद्राची) एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स एवढ्या सामग्रीवर शिक्षणाची सगळी वर्षे चांगली निघतात, आणि हा सगळा खर्च बहुधा नव्या संचाच्या निम्म्यात भागतो.

प्रथम त्या २४ मेगापिक्सेलविषयी. ए-३ आकाराचा कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचा झाला, तर साधारण साडेसतरा मेगापिक्सेल लागतात. विद्यार्थ्याच्या प्रदर्शनातील छायाचित्र सहसा यापेक्षा मोठे नसते, आणि मोठे असले तरी ते लांबून पाहिले जाते. म्हणजे २०१३ सालचा कॅननचा १८ मेगापिक्सेलचा ७००डी या कामाला पुरेसा असताना केवळ सूचनेतील आकड्यामुळे बाद होतो. खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पटलाच्या, आकाराने पडतो. डीएसएलआरमधील एपीएस-सी सेन्सर निकॉनमध्ये सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो, कॅननमध्ये किंचित लहान. खिशातील छोट्या कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ तेरापट लहान असतो. कमी उजेडात चित्रात दाणे का येतात, पार्श्वभूमी धूसर का होत नाही, याची बरीचशी उत्तरे या आकड्यांत आहेत. मेगापिक्सेलमध्ये ती सापडत नाहीत.

मोबाइलला मी कमी लेखत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या पानावरील करप्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कृषी पदविकेच्या मुलाला उन्हात काढलेला मोबाइलचा फोटो पुरेसा आहे. पानाशेजारी मोजपट्टी ठेवली, सावली पडू दिली नाही आणि दर आठवड्याला त्याच अंतरावरून फोटो घेतला, तर त्या नोंदींना शास्त्रीय किंमतही येते. त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत, असेच मी सांगेन. मात्र ज्याला अ‍ॅपर्चर, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) यांचा परस्परसंबंध शिकायचा आहे, त्याच्यासाठी मोबाइल अडचणीचा ठरतो. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, आणि बाकीचे निर्णयही यंत्र सहसा आपल्या नकळत घेऊन टाकते.

आता लेन्स. या बाबतीत पालकांची सर्वांत जास्त दिशाभूल होते, कारण ‘दोन लेन्सचा संच’ हे शब्द ऐकायला भरघोस वाटतात. संचातील १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स तिच्या लांब टोकाला, ५५ मिलिमीटरवर, नेली की तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते आपल्याकडील कुठल्याही घरात श्रावणातल्या कानबाईच्या (खान्देशातील देवीच्या उत्सवाच्या) रात्री पाहावे. खोलीत एक दिवा आणि समयांचा उजेड, बायका गाणी म्हणत आहेत, कुणाचा हात टाळी वाजवतो आहे. आयएसओ १६०० ठेवूनही अशा ठिकाणी एफ/५.६ ला शटर १/१५ सेकंदावर येते. कानबाईचा मुखवटा स्वच्छ येतो, कारण तो हलत नाही. टाळी वाजवणारे हात मात्र नुसते पांढरे फराटे होतात. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावली, तर सवातीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजेड आत येतो आणि शटर १/१२५ च्याही वर जाते. हात जागच्या जागी थांबतात, बांगड्यासुद्धा मोजता येतात. फ्लॅश लावला असता तर समयांचा पिवळा उजेडच नाहीसा झाला असता, आणि फोटो त्या उजेडासाठी तर काढायचा होता.

कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही यासाठी बरीच स्वस्त लेन्स आहे, परंतु एपीएस-सी बॉडीवर तिचा दृश्यकोन ८० मिलिमीटरसारखा अरुंद होतो. माजघरात भिंतीला पाठ टेकवूनही पूर्ण माणूस चौकटीत बसत नाही. व्यक्तिचित्रांची आवड असणाऱ्याने ती घ्यावी. घरातले, रस्त्यावरचे जीवन टिपायचे असेल तर कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ ही चपटी लेन्स किंवा निकॉनची डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८ अधिक उपयोगी पडते. निकॉन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० मिलिमीटर ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त मिळाली तरी तिचा फोकस हातानेच करावा लागतो. डी७०००, डी७१०० किंवा डी७२०० मध्ये ती मोटर आहे. उलट अलीकडच्या ‘एएफ-पी’ लेन्स डी३१००सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही, कारण विचारत कोणी नाही.

जुन्या डीएसएलआर आज स्वस्त का झाल्या आहेत, हेही समजून घेतले पाहिजे. लग्नसराईत काम करणारे आपल्याकडील स्टुडिओवाले गेल्या काही वर्षांत मिररलेसकडे वळले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द कॅननने आपला ईओएस-१डी एक्स मार्क थ्री हा शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर असल्याचे जाहीर केले. बाजाराने या घडामोडींचा अर्थ ‘डीएसएलआर संपले’ असा लावला आणि भाव उतरले. व्यावसायिकासाठी तो अर्थ बरोबर असेलही. शिकणाऱ्यासाठी मात्र ही संधी आहे, कारण प्रकाशाचे गणित कॅमेऱ्याच्या पिढीनुसार बदलत नाही. आज २० ते २५ हजारांत चांगल्या स्थितीतील बॉडी आणि किट लेन्स (संचातील झूम) जळगाव-धुळ्यात मिळू शकते.

पण लग्नाच्या कामातून निघालेला कॅमेरा घेताना पारख हवी. एका लग्नात हजारो क्लिक होतात, आणि प्राथमिक वर्गातील बॉडीचे शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंत चाचणीत उतरलेले असते. निकॉनमध्ये शटर काउंट नुकत्याच काढलेल्या जेपीईजीच्या माहितीत वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींमध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. विक्रेता ‘फारसा वापरलेलाच नाही’ म्हणत असेल, तर बोलण्याऐवजी हॉट शूकडे, म्हणजे वरच्या बाजूच्या फ्लॅश बसवण्याच्या खाचेकडे, पाहावे. तिथला काळा रंग उडून धातू चमकत असेल, तर त्यावर वर्षानुवर्षे फ्लॅश चढला-उतरला आहे. लेन्स काढून, तिचे अ‍ॅपर्चर उघडे ठेवून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ते फंगस (बुरशी) आहे आणि ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवरील धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते. ती साफ होऊ शकते, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत. बॅटरी फुगलेली नसावी. बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळावा, आणि बिलच नाही असे कोणी म्हणाले तर व्यवहार तिथेच थांबवावा, मग भाव कितीही मोहात पाडणारा असो. नवीन घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. कर चुकवून आलेल्या बिनबिलाच्या कॅमेऱ्याला भारतातील वॉरंटी मिळत नाही.

मिररलेसची बाजूही मांडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीत) फोटो काढण्याआधीच एक्स्पोजर, म्हणजे तो किती उजळ येणार ते, दिसते, हा शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय व्हिडिओ करणाऱ्याला उपयोगी पडते. ज्याचा अभ्यासक्रमच मुख्यतः व्हिडिओचा आहे आणि ज्याच्या घरी पैशांची ओढाताण नाही, त्याने नवा मिररलेस जरूर घ्यावा. मात्र निकॉन झेड३० किंवा सोनी झेडव्ही-ई१० यांना व्ह्यूफाइंडरच नाही, आणि एप्रिलच्या दुपारी बाराच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, ही गोष्ट वातानुकूलित दुकानात कळत नाही. जुना म्हणून कॅननचा एम५० हा मिररलेस स्वस्तात पुढे केला जातो. त्याचे ईएफ-एम माउंट (लेन्स बसवण्याची कडी) कंपनीने बंद केले आहे, त्यामुळे त्यासाठी घेतलेल्या लेन्स पुढे कॅननच्या नव्या बॉडीवर चढणार नाहीत. डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मात्र अ‍ॅडॅप्टरने कॅननच्या आजच्या आर मालिकेवर चालतात.

पक्ष्यांचे वेड असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना ५५ मिलिमीटरची लेन्स ठिपक्याएवढे करून टाकते, आणि खऱ्या टेलिफोटोची (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सची) किंमत मोटारसायकलच्या घरात जाते. निकॉन पी९०० किंवा पी९५० यांसारखे सुपरझूम कॅमेरे २००० मिलिमीटरइतक्या दृश्यकोनापर्यंत पोहोचतात आणि पक्षी ओळखण्यासाठी, नोंदींसाठी ते खरोखर चांगले आहेत. त्यांचा सेन्सर वर सांगितलेल्या लहान आकाराचाच असल्याने सूर्य कलल्यावर चित्र भुरभुरीत होते, हे मान्य करून ते घ्यावेत. पी९०० रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) देत नाही; पी९५० देतो.

खान्देशच्या हवामानाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान दिलेले असते, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना ही मर्यादा सहज ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नये. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात धुळीत लेन्स बदलण्याचा मोह टाळावा. एकच प्राइम लावून जाण्याचा हाही एक फायदा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवल्या की फंगसची भीती बरीच कमी होते. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली कातडी बॅग त्यासाठी चालत नाही.

चाळीसगावला रेल्वे स्थानकाजवळ केकी मूस यांचे घर आहे. आयुष्यातील कित्येक दशके त्या घराबाहेर क्वचितच पडलेल्या या कलावंताने टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून जी टेबलटॉप छायाचित्रे घडवली, ती विद्यार्थ्यांनी कॅमेरा घेण्याआधी एकदा जाऊन पाहावीत. खिडकीतून येणारा उजेड, एक पांढरा पुठ्ठा आणि घरातली भांडी यांवर पहिल्या सत्राचा सगळा अभ्यास करता येतो. (आपल्याकडे मात्र नवा कॅमेरा गळ्यात दिसला की पहिला प्रश्न येतो तो ‘कितलामा पडना?’ (केवढ्याला पडला?) हाच, त्याने काढलेले फोटो बघायला मागणारा विरळा.)

महाविद्यालयांना एक विनंती आहे. प्रवेशाच्या सूचनेत मेगापिक्सेलचा आकडा आणि ‘चांगली कंपनी’ असे मोघम शब्द घालण्याऐवजी अभ्यासक्रमाला नेमके काय लागते ते लिहावे : मॅन्युअल मोड, रॉ फाइल, बदलता येणारी लेन्स, आणि व्हिडिओ शिकवणार असल्यास माइकची जोडणी. जुना कॅमेरा चालेल, हे त्याच सूचनेत स्पष्ट छापावे, कारण ते छापलेले नसल्यामुळेच पालक दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहतात. शिवाय पहिल्या सत्रात आठवड्याला एक-दोनच प्रात्यक्षिके असतात. त्यांसाठी विभागाने पाच-सहा जुन्या बॉडी घेऊन त्या ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन दोन-दोन दिवसांसाठी द्याव्यात. असे झाले तर मुलाला खरोखर या विषयाची गोडी आहे की नाही ते दिवाळीपर्यंत कळेल, आणि कॅमेरा घ्यायचाच ठरला तर तोवर कापसाचे पैसेही हातात आलेले असतील.

आपला,
एक कलाशिक्षक, अमळनेर