पानशेतच्या पुराने जे केले नाही, ते आपल्या गिलाव्याने केले

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पुण्यात संगमाजवळ आमचे विटांचे दुमजली घर आहे. आपण ते पाहिले आहे. तीन वर्षांपूर्वी वारसा फेरीच्या उद्घाटनाला आला असताना आपण आमच्याच पायरीवर उभे राहून भाषण केलेत आणि जाताना, ‘आजोबा, दिवाळीच्या आत या भिंती पुन्हा चुन्यात करून देतो,’ असा शब्द दिलात. दिवाळ्या तीन झाल्या. गेल्या सोमवारी त्या पायरीशेजारच्या भिंतीवर कलम 264 ची नोटीस चिकटवलेली सापडली: इमारत धोकादायक आहे, पंधरा दिवसांत उतरवून घ्यावी.

कोणती इमारत उतरवायची, हे निदान एकदा ऐकून घ्यावे. गणेशखिंडीत गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी 1864 साली इटालियन धाटणीचा बंगला बांधायला घेतला. जेम्स ट्रबशॉ यांनी आखलेला, 1871 मध्ये पुरा झालेला तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. त्या धाटणीचे मूळ इटलीतल्या शेतवाड्यांत असले, तरी तिला प्रतिष्ठा मिळाली ती राणी व्हिक्टोरियाच्या ऑसबोर्न हाउसमुळे. आमच्या पणजोबांनी गणेशखिंडीचा मनोरा रस्त्यावरूनच पाहिला, कारण आत बोलावणे येण्याइतके ते मोठे नव्हते, आणि दगड परवडत नसल्यामुळे तोच थाट 1889 साली विटांत उभा केला: उंच, अरुंद, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, उतरते बसके छप्पर, हातभर पुढे आलेली वळचण, तिच्याखाली सागवानी नक्षीदार ब्रॅकेट आणि कोपऱ्यावर चौकोनी मनोरा. वळचणीमुळे पाऊस भिंतीवर येत नाही आणि उन्हाळ्यात घरातली गरम हवा मनोऱ्याच्या खिडक्यांतून निघून जाते. हौस खरी, पण निव्वळ हौस नव्हे.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तळमजल्याच्या कमानींपर्यंत पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर वडिलांनी दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि भिंतींना वर्षभर हात लावू दिला नाही. चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांनी भरलेल्या दर्जांतून, विटांमधल्या सांध्यांतून, ओल आली तशी निघून गेली. एक वीट हलली नाही.

आपल्या दौऱ्याआधी आठ दिवस मात्र ‘दर्शनी भागाचे सुशोभीकरण’ म्हणून सरकारी ठेकेदाराची माणसे आली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून गेली. मी आडवा गेलो, तर त्यांच्याबरोबरच्या साहेबांनी कामाचा आदेश दाखवला. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. जमिनीतून चढलेले पाणी विटेतच कोंडते, क्षार आतल्या आत फुगतात आणि विटेचे तोंड पापुद्र्यांनी सुटते. गवंडी याला लोणा लागणे म्हणतात. आज त्या भिंतीवर नख ओढले, तर गिलाव्यामागून तांबडी पूड हातावर येते. गेल्या पावसाळ्यात तिथलेच एक ब्रॅकेट भिंतीतून सुटून तुळशीवृंदावनावर पडले. त्या पडलेल्या ब्रॅकेटचा फोटो नोटिशीला पुरावा म्हणून जोडला आहे. गिलाव्याचा उल्लेख अर्थातच नाही.

गंमत अशी की, घर वारसा यादीत असल्याने परवानगीवाचून एक वीटही बदलू नये, असे एक कार्यालय बजावते आणि सगळ्याच विटा काढा, असे दुसरे. दोन्ही एकाच आवारात, एकाच जिन्यावर आहेत. चुन्याच्या दुरुस्तीच्या अर्जासाठी मी सतरा हेलपाटे घातले, कदाचित अठरा असतील. माझ्या गुडघ्यांनी तेव्हा मोजणे सोडून दिले होते. प्रत्येक वेळी नवा कागद मागण्यात आला, आणि एकदा तर मूळ नकाशावर वास्तुविशारदाचा परवाना क्रमांक का नाही, अशी विचारणा झाली. 1889 च्या नकाशावर!

खर्च झेपत नसेल तर घर ठेवता कशाला, असेही तिथे ऐकवले गेले. मागच्या बाजूच्या भाडेकरूंकडून मला महिन्याला 38 रुपये मिळतात. चुन्याची घाणी पाहिलेला गवंडी मिळाला, तर त्याची एका दिवसाची मजुरीही यांच्या वर्षाच्या भाड्यातून भागत नाही. भाडे कायद्याने दाबून ठेवायचे, दुरुस्ती यादीने अडवायची, भिंत सुशोभीकरणाने सडवायची आणि शेवटी मालकाने घर राखले नाही म्हणून नोटीस काढायची. त्यानंतर बिल्डर कधी येतो, हे विचारायला लागत नाही. या वेळी तो नोटिशीच्या आदल्या दिवशीच येऊन गेला, आणि मनोऱ्याच्या आकाराची पाण्याची टाकी गच्चीवर बसवून देईन, म्हणाला.

मला अनुदान नको. सिमेंट सरकारी खर्चाने, हातछिन्नीने, विटेला धक्का न लावता काढून द्यावे, नोटीस मागे घ्यावी आणि विटांमधल्या दर्जा चुन्याने भरण्याची परवानगी लेखी द्यावी. ती मुदतीच्या आत मिळावी, कारण मुदत संपल्यावर मिळणारी परवानगी मला कोणत्या भिंतीवर लावायची, हेही आपल्यालाच सांगावे लागेल.

पंधरा दिवसांची मुदत पुढच्या सोमवारी संपते. त्या दिवशी सकाळपासून मी पायरीवर बसलेला असेन. आपण आलात, तर मागच्या दाराने यावे. पुढच्या दारावरचे ब्रॅकेट सुटत आले आहे.

आपला,
एक घरमालक, पुणे