प्रतिकारशक्ती नुसती 'वाढवून' यकृत वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला यकृताच्या कर्करोगावरचा लेख वाचला. त्यातली लसीची आणि तपासण्यांची माहिती चोख आहे. पण शेवटी 'प्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोग जवळ फिरकणार नाही' असा जो सल्ला दिला आहे, तो बरोबर नाही. या एका वाक्याच्या भरवशावर डॉक्टरांची औषधे बाजूला ठेवून पावडरी घेणारा सिरोसिसचा (यकृतात व्रण साचून ते निबर होण्याचा) रुग्ण मी घरात पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेने येते. त्याबरोबर अन्नातले अनोळखी घटक आणि जीवाणूंचे तुकडे येतच राहतात. त्या प्रत्येकावर हल्ला झाला तर यकृत कायमचे सुजलेले राहील. म्हणून इथल्या प्रतिकार पेशी मुळातच सबुरीने वागतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला बसलेल्या कुप्फर पेशी (कार्ल फॉन कुप्फर यांनी त्यांचे वर्णन १८७६ मध्ये केले) समोर आलेला जीवाणू गिळतात आणि सहसा बोभाटा न करता पुढच्याची वाट पाहतात. हीच सबुरी पुढे कर्करोगाच्या पथ्यावर पडते.

त्याआधीची गोष्ट मात्र उलटी आहे. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसाच्या यकृतपेशींना बहुतांशी विषाणू स्वतः मारत नाही. संसर्ग झालेल्या पेशी हेरून त्यांना मारतात त्या आपल्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे सैनिक. विषाणू पुरता हटत नाही, हल्लाही थांबत नाही. वर्षानुवर्षे पेशी मरतात, उरलेल्या घाईने विभागत राहतात, व्रण साचून सिरोसिस होतो आणि एवढ्या विभाजनांत कुठेतरी डीएनएमध्ये घातक चूक राहून जाते. १९९८ मध्ये फ्रँक किझारी यांच्या गटाने उंदरांवर हे दाखवून दिले. उंदरांच्या यकृतात विषाणूचे फक्त एक प्रथिन होते. त्यावर चालून जाणाऱ्या प्रतिकार पेशी त्यांना दिल्यावर आधी दीर्घकाळचा दाह झाला आणि मग कर्करोग. इथे प्रतिकारशक्ती कमी पडली असे कसे म्हणायचे?

गाठ तयार झाली की चित्र पुन्हा पालटते. गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज (एरवी जीवाणू गिळणाऱ्या) पेशी तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून द्यायला मदत करतात. नियंत्रक टी पेशी तिथे गोळा होऊन बाकीच्यांना आवर घालतात. मारेकरी टी पेशी गाठीपर्यंत पोचतात, पण त्यांच्यावरच्या पीडी-१ या ब्रेकवर समोरून सतत दाब पडत राहतो आणि शेवटी त्या थकतात. शत्रू समोर दिसत असतो, वार मात्र होत नाही.

हा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी खरोखर फरक पडला आहे. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांना ब्रेक सोडवणारे ॲटेझोलिझुमॅब आणि गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅब ही जोडी दिल्यावर निम्मे रुग्ण १९.२ महिन्यांहून अधिक जगले. आधीच्या सोराफेनिब या औषधावर हाच आकडा १३.४ महिने होता. पण बहुसंख्य रुग्णांच्या गाठी या जोडीने आकसत नाहीत, हेही लिहायला हवे. शिवाय सुटलेल्या टी पेशी कधी निरोगी यकृतावर, आतड्यावर, थायरॉइडवरही उठतात, आणि यकृत प्रत्यारोपण झालेल्या माणसात नवे यकृतच नाकारले जाण्याची भीती असते. २०२१ मध्ये फॅटी लिव्हरमुळे यकृताचा दाह झालेल्या उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात तर पीडी-१ रोखल्यावर कर्करोग वाढला. माणसांत असेच होते असा याचा अर्थ नाही, पण 'जितकी जास्त प्रतिकारशक्ती तितके चांगले' हे गणित इथे चालत नाही एवढे नक्की.

पुढच्या पुरवणीत त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. दाह थांबवणारे उपाय ठाऊक आहेत, तेच ठळक द्यावेत: जन्मताच हिपॅटायटिस बीची लस, झालेल्या संसर्गावर नियमित औषध, बहुतेक रुग्णांत गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा हिपॅटायटिस सी, दारू बंद, वजन आटोक्यात. आणि सिरोसिस असेल त्याने, काही त्रास नसला तरी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, हे पहिल्या परिच्छेदात यावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक