एक्सआरडीच्या (एक्स-किरणांनी क्रिस्टलमधली रचना शोधणाऱ्या) मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

आमचा पेपर छापून आला. शेवटच्या आभारांत तुमच्या वाट्याला 'क्रिस्टल डेटा गोळा केल्याबद्दल' एवढीच ओळ आली. ती मला पुरेना, म्हणून हे पत्र.

डायकीटोन या आमच्या सुरुवातीच्या रेणूवर हायड्रॉक्सिलअमाइन घातलं की दोन आयसोक्सॅझोल (नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी-शेजारी असलेली पाच अणूंची रिंग) होऊ शकतात. एकात मिथाइल ऑक्सिजनशेजारी आणि अराइल (बेंझिनसारखी रिंग असलेला गट) नायट्रोजनशेजारी, दुसऱ्यात बरोबर उलट. दोघांचं वस्तुमान सारखंच, त्यामुळे मास स्पेक्ट्रम गप्प. एनओईचाही (कोणते हायड्रोजन जवळ आहेत ते सांगणारी एनएमआर चाचणी) उपयोग नाही, कारण रिंगवरचा एकुलता एक हायड्रोजन दोन्ही गटांच्या मधोमध बसलेला.

मी आणलेल्या सुया (सुईसारखे क्रिस्टल) तुम्ही पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली फिरवून पाहिल्या आणि परत दिल्या. सगळा तुकडा एकदम काळा होत नव्हता, म्हणजे तो एक क्रिस्टल नव्हताच. मग कृती सांगितलीत: छोट्या व्हायलमध्ये डायक्लोरोमिथेनचं द्रावण, ती व्हायल पेंटेन असलेल्या मोठ्या बाटलीत उघडी ठेवायची, बाहेरचं झाकण घट्ट, आणि रोज उचलून बघायचं नाही. शेवटची अट सगळ्यात अवघड!

चांगला ठोकळा मिळाला. तेलात बुडवून लूपवर चढवलात, 100 केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात डेटा घेतलात. आर-फॅक्टर (मॉडेल आणि डेटा यांतली तफावत) उतरला तशी मी पेढ्यांच्या विचारात. तुम्ही मात्र नायट्रोजन आणि ऑक्सिजनची अदलाबदल करून पुन्हा रिफाइन केलंत, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवून पाहिलंत. का, ते तेव्हा कळलं नाही. एकाचे 7 इलेक्ट्रॉन, दुसऱ्याचे 8. एक्स-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉनच, आणि आमच्या दोन रचनांमधला सगळा फरक तेवढ्या एका इलेक्ट्रॉनवर अडलेला. चुकीच्या मांडणीत एक एलिप्सॉइड (अणूचं थरथरणं दाखवणारा लंबगोल) फुगला, दुसरा आक्रसला, आर-फॅक्टर वर गेला. मूळ मांडणीत कार्बन-नायट्रोजन बंध 1.31 अँगस्ट्रॉमच्या आसपास, कार्बन-ऑक्सिजन 1.35 च्या. तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत. सॉफ्टवेअरने अणूंना दिलेली नावं तशीच ठेवली असती तरी चित्र तितकंच सुंदर दिसलं असतं, आणि कदाचित चुकीचं.

याला डेटा गोळा करणं म्हणत नाहीत. ज्या पेपरचा मुख्य दावाच रचनेवर उभा आहे, त्यात ती रचना पक्की करणारी व्यक्ती लेखकांत हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. सीआयएफ (रचनेची फाइल) केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये जमा झाली आहे. पुढच्या पेपरात तुमचं नाव वर घ्यायचं, असं मी सरांना सांगितलं आहे. ते 'बघू' म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे.

आपली,
सिंथेसिस लॅबमधली पीएचडीची विद्यार्थिनी