पाकिस्तानातलं ते वर्ष म्हणजे नुसती सीव्हीवरची ओळ नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या करिअर पुरवणीत परदेशातल्या संधींवर लेख आला होता, त्यात विद्यार्थी नेतृत्व संस्थांबद्दल जेमतेम दोन वाक्यं होती. ट्रेनिंग मिळतं, ओळखी होतात, सीव्ही भारी होतो एवढंच, आणि देशांच्या यादीत पाकिस्तानचं नाव येऊन गेलं. मी कॉलेजपासून अशा संस्थेत होते, पाकिस्तानच्या टीमबरोबर ऑनलाइन भरपूर काम केलंय, आणि माझी एक ट्युनिशियन मैत्रीण २०२२-२३ मध्ये लाहोरला राहून तिथल्या राष्ट्रीय टीमवर वर्षभर काम करून आलीय. आपल्या पासपोर्टवर तिकडे जाऊन राहणं आणि काम करणं जवळपास अशक्यच आहे त्यामुळे मला जे कळलं ते तिच्याकडून आणि तिथल्या मुलांकडून, पण ते छापून यावं असं फार मनापासून वाटतं.

आधी हे काय प्रकरण असतं ते सांगते कारण बऱ्याच पालकांना माहीत नसतं. यातली सगळ्यात मोठी संस्था आयसेक, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, आता शंभरावर देशांत आहे आणि पाकिस्तानातही कराची, लाहोर, इस्लामाबादला तिचं काम चालत आलंय. तशाच पद्धतीने चालणाऱ्या लहानमोठ्या इतर संस्थाही आहेत. शहरात शाखा, वर देशाची टीम, सगळे तिशीच्या आतले, आणि दरवर्षी सगळी पदं रिकामी होऊन नव्याने भरली जातात. देशाचा अध्यक्ष कोण ते शाखा मतं देऊन ठरवतात आणि टीममधल्या जागांसाठी दुसऱ्या देशातली मुलंही अर्ज करतात, म्हणून कुणी ट्युनिशियाहून, कुणी ब्राझीलहून लाहोरला येतं, एका फ्लॅटमध्ये स्थानिक टीमबरोबर राहतं, आणि स्पॉन्सर शोधणं, विद्यापीठांच्या परवानग्या, बाहेरून येणाऱ्या व्हॉलंटिअर्सची राहायची सोय, हिशोब, कॉन्फरन्स हे सगळं वर्षभर ओढतं. मानधन मिळतं, ते स्थानिक चलनात, खाऊनपिऊन राहण्यापुरतं. याला इंटर्नशिप म्हणू नका प्लीज. इंटर्नच्या डोक्यावर कुणीतरी मोठं माणूस असतं, इथे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर कुणीच नसतं.

माझ्या मैत्रिणीचं वर्ष कसं गेलं बघा. ती जुलै २०२२ ला उतरली तेव्हा डॉलर २०५ पाकिस्तानी रुपयांच्या आसपास होता आणि जून २०२३ ला निघाली तेव्हा २८५ च्या वर. मे २०२३ मध्ये महागाई ३८ टक्क्यांवर गेली होती. मानधनाचा आकडा तोच, पण महिनाअखेरीला त्यात भाजी येत होती तेवढी येईना, रिक्षाऐवजी चालत जायचं ठरायला लागलं. ती आली त्याच पावसाळ्यात सिंध आणि बलुचिस्तानात तो भयानक पूर आला, १७०० च्या वर माणसं गेली, सव्वातीन कोटींहून जास्त लोकांना फटका बसला, तर कराचीच्या शाखेतल्या मुलांनी आपलं ठरलेलं काम बाजूला ठेवलं आणि मदतीचं सामान निवडायला बसली, कुणी सांगायची वाट न बघता. २३ जानेवारी २०२३ ला सकाळी ग्रिड कोसळली आणि जवळजवळ अख्खा देश अंधारात गेला. त्या दिवशी आमचा कॉल ठरलेला होता, तो झालाच नाही, दुसऱ्या दिवशी ती आली तर अंगावर शाल, स्क्रीनच्या उजेडात फक्त चेहरा दिसतोय, मागे कुणीतरी मेणबत्तीवर हिशोबाची वही तपासतंय, आणि पहिलं वाक्य काय तर, यूपीएस बारा मिनिटं टिकेल, आधी बजेट बघू. ते बारा मिनिटांचं बजेट मी अजून विसरले नाहीये.

आणि मग मे महिना. ९ मे ला इम्रान खान यांना अटक झाली, देशभर गोंधळ उडाला, मोबाइल इंटरनेट बंद झालं ते काही दिवस बंदच. गाडी बुक करायची अ‍ॅप्स बंद, ऑनलाइन पैसे बंद, आणि हिच्याकडे बाहेरच्या देशांतून आलेले व्हॉलंटिअर्स शहरात वेगवेगळ्या घरी राहिलेले. ती आणि लाहोरच्या शाखेतल्या दोघी बसून साध्या फोनवरून एकेका घरी कॉल करत होत्या, कोण कुठंय, घरात किराणा आहे का, बाहेर पडू नका, आणि त्या मुलांच्या आईवडलांना त्यांच्या देशात निरोप कसा द्यायचा ते वेगळंच. पुस्तकातलं नेतृत्व वगैरे मला फारसं कळत नाही पण एवढं नक्की कळतं की ती मुलं त्या आठवड्यात मोठी झाली.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि त्यासाठीच हे पत्र. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत फेब्रुवारी १९८४ मध्ये विद्यार्थी संघटनांवर, म्हणजे कॉलेजात निवडून येणाऱ्या स्टुडंट युनियनवर बंदी आली. कॅम्पसमधली हिंसा हे कारण दिलं गेलं, आणि हिंसा होती हेही खरं. १९८८ ला बेनझीर भुट्टो आल्यावर बंदी उठली, पण १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कॅम्पसमधलं राजकारण पुन्हा बंद झालं. ज्या देशात १९६८-६९ ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अयूब खानसारख्या लष्करशहाला मार्च १९६९ मध्ये पायउतार व्हावं लागलं, त्याच देशात नंतरच्या पिढ्यांना अ‍ॅडमिशनच्या वेळी हमीपत्र भरून द्यावं लागतं की मी राजकारणात भाग घेणार नाही. मतदानाचं वय २००२ पासून १८ आहे. म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा नॅशनल असेंब्लीसाठी मत देऊ शकतो पण आपल्या कॉलेजची फी का वाढली हे विचारायला आपला प्रतिनिधी निवडू शकत नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये युनियन परत द्या म्हणून अनेक शहरांत विद्यार्थ्यांनी एकत्र मोर्चे काढले तर लाहोरच्या आयोजकांवर राजद्रोहाचे गुन्हे लागले. सिंध विधानसभेने फेब्रुवारी २०२२ ला युनियन परत आणायचा कायदा केला, हे पाऊल मोठं होतं हे मान्य करायलाच हवं.

अशा ठिकाणी उरतात त्या 'सोसायटी', डिबेटिंग सोसायटी, ड्रामा सोसायटी, त्यांना विद्यापीठाची मान्यता लागते, वर एखादे प्राध्यापक नेमलेले असतात. आणि उरतात या नेतृत्व संस्था. तिथे एक मुलगी उभी राहते, मी या पदासाठी योग्य का ते सगळ्यांसमोर बोलते, लोक तिला तासभर उलटसुलट प्रश्न विचारतात, मग मतदान, मग हरली तर रडून दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या टीममध्ये कामाला लागते. तिथल्या एका मुलाने मला सांगितलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मत दिलं ते इथे. माझ्या मैत्रिणीला हे जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, तिला वाटलेलं की पाकिस्तानी मुलं मतदानाच्या वेळी एवढी सिरियस का होतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नियमांवर का भांडतात. भांडणारच ना! त्यांना भांडायला दुसरी जागाच नाहीये.

पण म्हणून या संस्था युनियनची जागा भरून काढतात असं मात्र मी म्हणणार नाही. या संस्था राजकारणापासून लांब राहतात, इंग्रजीत चालतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या बऱ्या कॉलेजातली मुलंच जास्त येतात. हॉस्टेलच्या पाण्याचा प्रश्न, फी, परीक्षेतला घोळ हे इथे मांडता येत नाही. मर्दानच्या विद्यापीठात एप्रिल २०१७ मध्ये मशाल खान या विद्यार्थ्याला जमावाने ठार मारलं, तो विद्यापीठाच्या कारभाराबद्दल उघड बोलत होता. असं बोलणाऱ्या मुलाच्या मागे उभं राहणारी निवडून आलेली संघटना कॅम्पसवर असायला हवी, ते काम कॉन्फरन्स भरवून होत नाही. बाहेरून जाणाऱ्याने हे दोन्ही डोक्यात ठेवूनच जावं, नाहीतर तो तिथल्या मुलांना लीडरशिप शिकवायला निघतो आणि त्या मुलांना तर ती कमी जागेत कशी करायची हे त्याच्यापेक्षा जास्त कळत असतं.

मुलींबद्दल थोडं. शाखांमध्ये मुली भरपूर आहेत, पदांवरही आहेत, पण संध्याकाळची मीटिंग लांबली की घरून फोन सुरू होतात. कराचीत युनिव्हर्सिटीच्या बसला 'पॉइंट' म्हणतात, तो चुकला की घरी जायचं कसं हाच मोठा प्रश्न, म्हणून तिथल्या एका शाखेने मीटिंगची वेळच पॉइंटच्या वेळेवर बांधून घेतली आणि कुणी कितीही महत्त्वाचं बोलत असलं तरी त्या वेळेला थांबायचं असा नियम केला. मला हा नियम प्रचंड आवडला.

ज्यांना दुसऱ्या देशातून जाणं शक्य आहे त्यांच्यासाठी लेखात काही साध्या गोष्टी यायला हव्या होत्या. व्हिसा कोणत्या प्रकारचा, त्यावर हे काम चालतं का, आणि मुदत वाढवायची वेळ आली तर कागद कोण देणार. मानधन कोणत्या चलनात आणि रुपया घसरला तर काय, हे लेखी. बाहेरून नेलेला मोबाइल तिथल्या टेलिकॉम खात्याकडे वेळेत नोंदवला नाही तर साठ दिवसांनी त्यावर सिम चालत नाही, परदेशी माणसाला तात्पुरती नोंदणी करता येते पण तीही मुदतीचीच असते, माझ्या मैत्रिणीला हे फोन बंद पडल्यावर कळलं. काही भागांत परदेशी माणसाला वेगळी परवानगी काढावी लागते. रविवारी सुट्टी असते पण शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी ऑफिसं रिकामी, तेव्हा स्पॉन्सरला भेटायला जाऊ नये. आणि आजारी पडल्यावर रात्री कुणाला फोन करायचा, ते नाव नंबरासकट घरच्यांकडे असलंच पाहिजे.

पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा जाऊन आलेल्यांशी बोलाच, पण लाहोर-कराचीत बसून हे सगळं चालवणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉलवर गाठा, त्याला युनियनबद्दल विचारा आणि तो जे सांगेल ते पूर्ण छापा. जोडून द्यायला मदत लागली तर मी आनंदाने करेन.

आपली,
एक नियमित वाचक