चिठ्ठी दिली, पण मूल केंद्रापर्यंत पोहोचले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचे, मुले तपासायची, आणि एखादे मूल बोलत नसेल, चालत नसेल तर त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चिठ्ठी द्यायची, अशी ही रचना आहे. चिठ्ठी दिली की अहवालात मूल 'संदर्भित' होते. बालविकास तज्ज्ञांचे काम मात्र त्यानंतर सुरू होते, आणि मुले हातून सुटतात ती नेमकी याच टप्प्यावर.

बोलायला उशीर होणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्या. "याचा बापही उशिराच बोलला," नाहीतर "जिभेखालचा पडदा कापून आणा," हे सल्ले घरात सर्वांत आधी मिळतात. जिभेखालचा बंध आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पुढे एखाददुसरा उच्चार अडू शकतो. पण त्यामुळे मूल बोलायचेच राहत नाही. पहिली तपासणी हवी ती कानांची. "ताट वाजवले की वळून बघतो" हा ऐकू येत असल्याचा पुरावा नव्हे. ताटाचा आवाज फार मोठा असतो. बोलण्यातले 'स', 'श' असे बारीक ध्वनी ज्याला ऐकू येत नाहीत, तेही मूल ताटाकडे वळते.

कानाची ओएई चाचणी, म्हणजे कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी चाचणी, काही मिनिटांत होते. कानात मळ असला किंवा सर्दीने पाणी साचले असले तरी तिचा निकाल 'रेफर' येतो. त्याचा अर्थ बहिरेपण असा नाही, पुन्हा तपासा असा आहे. उलट नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ओएई चांगली आली, तरी श्रवणाच्या मज्जातंतूतला दोष नजरेतून सुटू शकतो. अशा बाळांची बेरा चाचणी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून आवाजाला मज्जातंतू आणि मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद नोंदवणारी चाचणी, करायलाच हवी. बेरासाठी लहान मूल गाढ झोपलेले लागते, आणि घोटाळा होतो तो इथेच. पहाटेच्या एसटीत मूल मनसोक्त झोपते, केंद्रात टक्क जागे असते, चाचणी होत नाही. आईवडिलांची मजुरी बुडते, ते पुन्हा येत नाहीत. 'आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, डोक्याला तेल लावू नका' एवढा मजकूर चिठ्ठीवर छापला तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार, हे वेळापत्रक जगभर मानले जाते. आपल्याकडे अनेक मुलांच्या बाबतीत संशयच दीड-दोन वर्षांनी येतो.

केंद्रात काय व्हायला हवे, याबद्दलही गैरसमज आहेत. सत्र अर्ध्या-पाऊण तासाचे असते, तेही आठवड्यातून एकदा-दोनदा. बाकीचा सगळा आठवडा मूल घरी असते. म्हणून आईला बाहेर बसवून बंद दाराआड घेतलेली थेरपी आम्हाला अपुरी वाटते. चांगले सत्र ते, ज्यात हात आईचे चालतात आणि तज्ज्ञ शेजारी बसून सुधारणा सांगतो. ज्याची श्रवणशक्ती ठीक आहे पण बोलणे मागे आहे, अशा मुलासाठी घरी करायच्या गोष्टी साध्या असतात. त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर बसा. ते ज्या वस्तूकडे बघते आहे तिचेच नाव घ्या. मग पाच-दहा सेकंद गप्प राहा. ही शांतता पाळणे मोठ्यांना सर्वांत अवघड जाते. मूल 'पाणी' म्हणाले तर तुम्ही 'थंड पाणी' म्हणा, म्हणजे त्याच्या बोलण्यात एकच शब्द वाढवा. आवडती वस्तू दिसेल पण हाताला येणार नाही अशी ठेवा, म्हणजे मागण्याचे कारण निर्माण होते. मात्र "आधी बोल, मगच देईन" असे अडवून धरू नका. त्याने मूल रडते आणि मागणेच सोडते. बोट दाखवले, हात धरून नेले, तरी ते मागणे मानून वस्तू द्यावी. हे सारे आंघोळ, जेवण, भांडी लावणे यांतच करायचे असते. महागडी खेळणी लागत नाहीत.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, असलेल्या मुलांच्या बाबतीत चूक जिवावर बेतू शकते. मान मागे टाकून बोंडल्याने किंवा चमच्याने दूध ओतले की ते श्वासनलिकेत जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. मूल बसते धरावे, मान किंचित पुढे, चमचा समोरून आणि खालच्या ओठापाशी. पहिला घास गिळल्यावरच दुसरा. घट्ट झालेले पाय जोराने ओढून मोकळे होत नाहीत, उलट ताठरपणा वाढतो आणि इजा होऊ शकते. मूल बसते तेव्हा पाऊले जमिनीला टेकलेली आणि गुडघे-कंबर काटकोनात राहतील असा पाट किंवा खुर्ची स्थानिक सुतारही बनवून देतो. मापे मात्र फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने घ्यायला हवीत आणि मूल वाढेल तशी बदलायला हवीत.

वयाचा हिशेबही अनेकदा चुकतो. आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे झाले की विकासाच्या दृष्टीने ते सहा महिन्यांचे धरायचे. ही वजावट साधारण दोन वर्षांपर्यंत करायची, आणि लसीकरणाला ती लावायची नाही. आरोग्य कार्डावर दोन्ही वये लिहिली, तर विनाकारण घाबरवणे आणि विनाकारण थांबणे दोन्ही टळेल. निरोगी मुलांतही फरक मोठा असतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात मुले आठव्या महिन्यापासून सतराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराविना चालू लागलेली दिसली, आणि काही तर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नको. पण मूल पहिल्या वाढदिवसाआधीच कायम एकच हात वापरत असेल, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक न करता दुसरा हात तपासून घ्या. आलेले बोलणे किंवा नजर देणे कमी झाले, तर कोणत्याही वयात एक आठवडाही थांबू नका. वॉकर तर आणूच नये. त्याने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात.

आमचे आरोग्य विभागाला सांगणे असे आहे. कामाचा हिशेब किती चिठ्ठ्या दिल्या यावर नव्हे, तर किती मुले पोहोचली आणि तीन महिन्यांनी किती मुलांची थेरपी सुरू होती यावर व्हावा. महिन्यातून ठरलेल्या वारी थेरपिस्टनी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात बसावे. मेळघाट, अक्कलकुवा, भामरागडच्या आईने दर आठवड्याला जिल्ह्याचे ठिकाण गाठावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. लहान बाळांसाठी आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातातच. केंद्राने दिलेला गृहपाठ त्यांच्या आणि अंगणवाडीताईंच्या हाती मराठीत, चित्रांसह असावा. कंत्राटी थेरपिस्ट दर वर्षी बदलतो तेव्हा मुलाची फाइल पुढच्याकडे नीट सोपवण्याची सक्ती हवी. नवीन माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासणी करतो आणि यात लहान वयातले मोलाचे महिने जातात.

पालकांनी केंद्रात जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे व नवजात विभागाचे डिस्चार्ज कार्ड आणि जन्मवजनाची नोंद न्यावी. मूल घरी कसे खेळते, कसे जेवते याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्यावा. अनोळखी खोलीत मुले बुजतात, आणि जे तिथे दिसत नाही ते त्या व्हिडिओत दिसते.

— बालविकास व पुनर्वसन क्षेत्रातील कार्यकर्ते, नाशिक